ग्रंथालय, संमेलन आणि गावठाण : ठाण्याच्या साहित्यव्यवहाराचा एक विचार

प्रादेशिक साहित्यव्यवहाराचा इतिहास बहुधा संमेलनांच्या अनुषंगाने लिहिला जातो. संमेलनाला अध्यक्ष असतो, भाषण असते, वृत्तान्त असतो. म्हणून इतिहासकाराला ते सहज सापडते. लेखकांचा समूह मात्र अशा प्रासंगिक घटनांतून घडतो की नित्याच्या सहवासातून, हा प्रश्न ठाण्याच्या संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे.

ठाण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन प्रथम १९६० साली रा. श्री. जोग यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्यापूर्वी सदुसष्ट वर्षे, १८९३ मध्ये, वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने येथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले होते. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार भावे हे प्राचीन काव्याचे संग्राहक व इतिहासकार होते. त्यांच्या ठायी संग्रह आणि वाङ्मयेतिहास ही दोन्ही कार्ये एकत्र आली, हा केवळ योगायोग मानता येत नाही. ग्रंथ एकत्र आल्याखेरीज परंपरेचे भान येत नाही आणि ते भान नसेल तर लेखकसमूह म्हणजे निव्वळ गर्दी. पुढे १९८८ मध्ये वसंत कानेटकर व २०१० मध्ये उत्तम कांबळे यांच्या अध्यक्षतेखाली ठाण्यात पुन्हा संमेलने झाली. २०१७ चे संमेलन डोंबिवलीला भरले. ही निमंत्रणे पेलणारी भूमी वाचनसंस्थांनी आधीच नांगरून ठेवली होती, असे म्हणता येईल.

तथापि या परंपरेची एक मर्यादा नोंदविणे अगत्याचे आहे. ग्रंथसंग्रहालयाची भाषा ही प्रामुख्याने लिखित, प्रमाण मराठी होय. शहर घोडबंदर रस्त्याने उत्तरेकडे पसरले, तेव्हा त्याच्या कवेत बाळकुम, कोलशेत, कासारवडवली, ओवळे ही गावे आली. तेथील आगरी-कोळी बोली आणि येऊरच्या डोंगरातील वारली बोली यांचे वाङ्मय मुख्यतः मौखिक. लग्नविधीतील गाणी, कथा, उखाणे यांत ते नांदत आले. रत्नागिरीच्या १९९० च्या संमेलनाचे अध्यक्ष मधु मंगेश कर्णिक यांनी त्यानंतर कोकण मराठी साहित्य परिषदेची उभारणी केली. त्यामागे प्रदेशाला स्वतःचे व्यासपीठ हवे, ही जाणीव होती. पण प्रदेशाचे व्यासपीठ आणि बोलीचे व्यासपीठ या एकच गोष्टी नव्हेत. बोलीतील कवीला कविसंमेलनात टाळ्या मिळतात; समीक्षेत त्याची नोंद क्वचितच होते. त्याचे लेखन ‘रंगतदार’ ठरते, ‘महत्त्वाचे’ ठरत नाही.

गावठाणांभोवती उंच इमारती उभ्या राहत असताना ही गाणी जाणणारी पिढी ओसरत आहे. भावे यांनी हस्तलिखितांसाठी जी चिकाटी दाखविली, तीच आज या मौखिक संचितासाठी दाखवावी लागेल. संमेलन तीन दिवसांत संपते. संग्रह टिकतो, आणि पुढील लेखक त्यातूनच संभवतात. ठाण्याच्या वाङ्मयीन संस्कृतीचा पुढचा अध्याय म्हणूनच सभामंडपापेक्षा संग्रहाच्या कपाटात कोणत्या भाषेला जागा मिळते, यावर अवलंबून राहील.