न आलेले आमंत्रण

अमेरिकन फुटबॉल हा खेळ आपल्याला तसा परकाच. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातात! तो चेंडूही गोल नाही, दोन्ही टोकांना निमुळता. अकरा जणांनी समोरच्या अकरांना रेटत, चुकवत तो पलीकडच्या टोकाला न्यायचा, असा साधारण मामला. आपल्याकडच्या अमेरिकावासी भाचरांना विचारा, तासभर समजावून सांगतील. मला आज खेळाबद्दल नाही, तर एका कॉलेजच्या संघाबद्दल लिहायचे आहे. हा संघ एका मोसमात एकही सामना हरला नाही, आणि त्याच मोसमानंतर कॉलेजने तो बंद करून टाकला.

साल १९५१. गाव सॅन फ्रान्सिस्को. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को हे जेझुइट पाद्र्यांनी चालवलेले लहानसे विद्यापीठ. संघाचे नाव डॉन्स, प्रशिक्षक जो कुहारिच. संघाची बातमीपत्रे लिहून वर्तमानपत्रांकडे पाठवायला पीट रोझेल नावाचा पंचविशीतला तरुण होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येईल.

संघात निरनिराळ्या घरांतली मुले होती. जिनो मार्चेटी हा इटालियन स्थलांतरितांचा मुलगा, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. बॉब सेंट क्लेअर हा धिप्पाड गडी. आणि दोन कृष्णवर्णीय खेळाडू, ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. हे दोघे त्याआधी सिटी कॉलेजमध्येही एकत्र खेळलेले, तिथून जोडीनेच इकडे आले.

त्या मोसमात डॉन्स नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. मॅटसनने चेंडू घेऊन धावत एकूण १५६६ यार्ड अंतर कापले, त्या वर्षी देशात सर्वांत जास्त. म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर, आणि तेही अंगावर धावून येणाऱ्या माणसांमधून! न्यूयॉर्कला जाऊन फोर्डमच्या संघाला त्यांनी ३२-२६ असे हरवले. शेवटचा सामना नोव्हेंबरमध्ये पॅसाडीनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये लोयोलाविरुद्ध झाला, तोही २०-२ असा जिंकला.

आता तिथली एक पद्धत सांगायला हवी. मोसम संपला की नववर्षाच्या सुमारास 'बोल' नावाचे मानाचे सामने होतात. त्या काळी त्यांत खेळायला आमंत्रण यावे लागे, आणि ते कुणाला धाडायचे हे भरवणारी समिती ठरवी. आमंत्रणाबरोबर मान येई आणि तिकीटविक्रीतला वाटाही. डॉन्सना दुसऱ्याची फार गरज होती, कारण फुटबॉलचा खर्च त्या लहान विद्यापीठाला झेपत नव्हता आणि तूट वाढत चालली होती. असा एक सामना मिळाला असता तर संघाला निदान श्वास घ्यायला जागा मिळाली असती.

ऑरेंज बोल मायामीचा, शुगर बोल न्यू ऑर्लिन्सचा, गेटर बोल जॅक्सनव्हिलचा. संत्रे, साखर आणि मगर! नावे गमतीची, पण तिन्ही गावे दक्षिणेतली, आणि दक्षिणेत तेव्हा शाळा, बस, पाण्याचे नळ सगळे गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे होते. उत्तरेतला संघ दक्षिणेत खेळायला आला, की त्याने आपले कृष्णवर्णीय खेळाडू घरी ठेवून यायचे असा एक अलिखित रिवाज वर्षानुवर्षे चालत आला होता. त्या रिवाजाला नाव काय होते माहीत आहे? 'सभ्य गृहस्थांचा करार'!

डॉन्सनाही तेच सांगण्यात आले. मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवा, मग बघू. उघडपणे कारण दिले गेले ते वेगळे, की तुम्ही हरवलेले संघ फारसे बलवान नव्हते. खरी अट कोणी कागदावर लिहीत नाही, ती तोंडातोंडीच पोहोचवतात. इतिहास शिकवताना हे मुलांना समजावणे मला नेहमी अवघड जायचे, की सर्वांत जाचक नियमांचे दस्तऐवज पुष्कळदा सापडतच नाहीत.

मला विचार करावासा वाटतो तो इथे. ती अट वरकरणी किती सोपी होती पाहा. बाकीच्या मुलांना कोणाचे वाईट करायचे नव्हते, कोणाला शिवी द्यायची नव्हती. फक्त दोघांना सोडून गाडीत बसायचे. आपल्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात. पंगतीत जे आत बसलेले असतात त्यांना काहीच करावे लागत नाही, मुकाट्याने जेवायचे एवढेच. म्हणून तर तो शतकानुशतके टिकतो.

ही मुले जेवायला बसली नाहीत. पुढे अनेक वर्षांनी त्यांतल्या कित्येकांनी आठवणी सांगितल्या, त्या सगळ्यांचा सूर एकच, की यात चर्चा करण्यासारखे काही नव्हतेच. आपण सगळे जाऊ, नाहीतर कोणीच जाणार नाही. कोणी भाषण केले नाही की मोर्चा काढला नाही. विशी-पंचविशीतली मुले होती ती. त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यात असा सामना पुन्हा मिळणार नव्हता.

हे सारे १९५१ मधले आहे हे ध्यानात घ्या. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९५४ मध्ये. रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत ते १९५५ मध्ये. उलट याच १९५१ च्या ऑक्टोबरात ओक्लाहोमामध्ये जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा जबडा भर सामन्यात ठोसा मारून मोडण्यात आला होता, आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रात छापून आली होती. हवा अशी होती.

आमंत्रण आले नाही. थोड्याच दिवसांत विद्यापीठाने पैशाअभावी फुटबॉलचा संघ बंद केल्याचे जाहीर केले. आमंत्रण आले असते तर संघ वाचलाच असता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण मुलांनी नकार दिला तेव्हा किंमत मोजावी लागणार हे दिसत होते, एवढे मात्र खरे.

पुढची हकीगतही ऐकण्यासारखी आहे. मॅटसन १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला गेला आणि ४०० मीटर धावण्यात त्याने कांस्यपदक मिळवले, रिले शर्यतीत रौप्य. त्याच हेलसिंकीत आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले होते! मॅटसन, मार्चेटी आणि सेंट क्लेअर हे तिघेही पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. एका कॉलेजच्या एकाच संघातले तिघे. आणि बातमीपत्रे लिहिणारा पीट रोझेल? तो १९६० मध्ये त्या व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनएफएलचा, आयुक्त झाला.

पण माझे मन रेंगाळते ते बर्ल टोलरपाशी. १९५२ मध्ये एका सामन्यात त्याचा गुडघा असा दुखावला की खेळणे संपले. तो शिक्षक झाला, पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका शाळेचा मुख्याध्यापक झाला. शिवाय १९६५ मध्ये तो एनएफएलमधला पहिला कृष्णवर्णीय पंच बनला. म्हणजे आठवडाभर शाळा आणि रविवारी मैदान! जानेवारी १९८० मध्ये सुपर बोलच्या अंतिम सामन्यात तो पंच म्हणून उभा होता. मैदान होते पॅसाडीनाचे रोझ बोल, जिथे डॉन्स आपला शेवटचा सामना जिंकले होते. लाखावर प्रेक्षक होते. ज्याला घरी ठेवून या म्हणून सांगितले होते, तो आता मैदानात शिट्टी वाजवत होता.

२००६ मध्ये विद्यापीठाने त्या संघातल्या हयात खेळाडूंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तोवर पंचावन्न वर्षे उलटली होती. त्याच वर्षी टोलर ज्या शाळेत मुख्याध्यापक होता तिच्या जुन्या आवाराला त्याचे नाव देण्यात आले. २००९ मध्ये तो गेला, २०११ मध्ये मॅटसन.

१९५२ च्या नववर्षदिनी ऑरेंज बोलमध्ये कोण जिंकले, हे आज तिथल्याही किती लोकांना आठवत असेल? जॉर्जिया टेकचा संघ जिंकला, १७-१४ असा. नोंद आहे, मुद्दाम शोधली तर सापडते. जे गेलेच नाहीत त्यांची गोष्ट मात्र मला इथे, इतक्या लांब बसून, नातवंडांना सांगावीशी वाटते.