स्तनकर्करोग आणि वैवाहिक जीवन

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर पती-पत्नींच्या नात्यात, शरीरसंबंधांत, घरातील कामाच्या व पैशाच्या वाटणीत आणि सासर-माहेरच्या व्यवहारात होणारे बदल. भारतीय स्त्रियांत हा कर्करोग सर्वाधिक आढळतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात त्या वर्षी सुमारे १.९२ लाख स्त्रियांना तो नव्याने झाला. पाश्चात्त्य रुग्णांच्या तुलनेत येथील रुग्ण साधारण दहा वर्षांनी लहान असतात. त्यामुळे निदान होते तेव्हा मुले शाळा-कॉलेजात, घराचे हप्ते चालू आणि सासू-सासरे हाताशी किंवा अंथरुणाला, असा ऐन संसाराचा काळ असतो.

आजारामुळे लग्न मोडते का, हा पहिला प्रश्न विचारला जातो. याबाबत २००९ मधील एका अमेरिकी अभ्यासाचे आकडे वारंवार सांगितले जातात. त्यातील ५१५ रुग्णांपैकी पत्नी आजारी असलेल्या जोडप्यांत विभक्त होण्याचे प्रमाण २०.८ टक्के, तर पती आजारी असलेल्यांत २.९ टक्के होते. मात्र हे रुग्ण मेंदूतील गाठी, इतर कर्करोग आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांचे होते. स्तनकर्करोगापुरता हा अभ्यास नव्हता. नॉर्वे आणि डेन्मार्क येथील राष्ट्रीय नोंदींवरून झालेल्या मोठ्या अभ्यासांत स्तनकर्करोगानंतर घटस्फोट वाढल्याचे दिसले नाही. कॅनडातील क्विबेक प्रांतात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर ४२ टक्के जोडप्यांत, आजाराने आपल्याला जवळ आणले असे पती आणि पत्नी दोघांनीही सांगितले.

भारतात घटस्फोटाचा आकडा या बाबतीत फारसे काही सांगत नाही. येथे बहुतेक ताण कोर्टाची पायरी चढत नाही. ‘उपचारापुरती माहेरी राहू दे’ म्हणून बाईला पाठवले जाते, केमोची सहा आवर्तने संपतात, ऑपरेशन होते, आणि तिला न्यायला कोणी येत नाही. कागदावर लग्न टिकलेले असते. उलट, एरवी स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारा नवरा डबे भरू लागतो, तिच्या औषधांच्या वेळा त्याला पाठ होतात, हेही कुठल्या नोंदीत येत नाही. त्यामुळे नात्याचे मोजमाप करायचे तर रुग्णालयात सोबत कोण येते, खर्चाचा निर्णय कोण घेते आणि तिला काय सांगितले जाते, हे पाहावे लागते.

यांतील शेवटचा मुद्दा सर्वांत आधी उपस्थित होतो. बायोप्सीचा रिपोर्ट पुष्कळदा आधी नवऱ्याच्या, दिराच्या किंवा मुलाच्या हाती पडतो आणि डॉक्टरांना विनंती केली जाते : ‘तिला सांगू नका, खचेल.’ मग तिला ते ओपीडीच्या रांगेत शेजारच्या बाईकडून कळते. तीही कळल्याचे दाखवत नाही. एकमेकांना जपण्यासाठी केलेली ही लपवालपवी मानसशास्त्रज्ञांच्या विशेष अभ्यासाचा विषय आहे. या लपवालपवीने काळजी कमी होत नाही, बहुधा वाढतेच, असे निष्कर्ष आहेत.

शरीरातील बदल नात्यात थेट उतरतो. बराच काळ संपूर्ण स्तन काढणे हाच उपाय मानला जाई. इटलीत उम्बेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९८० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांनी, लहान गाठ असेल तर ती काढून रेडिएशन दिल्यासही आयुर्मानात फरक पडत नाही, हे दाखवले. भारतात अनेक रुग्ण उशिरा येत असल्याने स्तन काढण्याचे प्रमाण अजूनही मोठे आहे. बाईला हा बदल जाणवतो तो रोजच्या गोष्टींत. ऑपरेशनच्या आधी मंगळसूत्र काढून ठेवावे लागते. ब्लाउज एका बाजूने सैल पडतो आणि शिंप्याला कारण काय सांगावे, हा प्रश्न येतो. काखेतील गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते. त्या हातात घट्ट बांगड्या घालू नका, जड बादली उचलू नका, असे सांगितले जाते. सवाष्णीच्या हातात बांगडी नाही, ही सासूच्या डोळ्यांना खुपणारी गोष्ट ठरते. हा आजार संसर्गजन्य नाही, तरी काही घरांत ताट-वाटी आणि अंथरूण वेगळे केले जाते.

शरीरसंबंधांवर शस्त्रक्रियेपेक्षा औषधांचा परिणाम अधिक काळ टिकतो. केमोने पाळी वेळेआधी जाऊ शकते. पाच ते दहा वर्षे चालणाऱ्या हार्मोनविरोधी गोळ्यांनी अंगातून वाफा येणे, योनीचा कोरडेपणा आणि इच्छा कमी होणे असे त्रास होतात. नवरा दुखेल या भीतीने लांब राहतो आणि तिला ती किळस वाटते, अशी गैरसमजाची जोडी वारंवार आढळते. कोरडेपणावर हार्मोन नसलेली वंगणे व मॉइश्चरायझर असतात, पण ना जोडपे विचारते ना डॉक्टर काढतात विषय. गर्भनिरोधक गोळ्या या रुग्णांना चालत नाहीत. तांबी किंवा निरोध वापरावा लागतो.

मूल हवे असणाऱ्या तरुण जोडप्यांसाठी केमोपूर्वी बीजांडे किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याची सोय आहे. ती आधी सुचवली गेली नाही तर संधी हुकते. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनविरोधी गोळी घेत असताना गर्भधारणा टाळावी लागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, दीड ते अडीच वर्षे गोळ्या घेऊन मग गर्भधारणेसाठी त्या जास्तीत जास्त दोन वर्षे थांबवणाऱ्या निवडक स्त्रियांत, पहिल्या काही वर्षांत तरी आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही.

पैशाचा ताण वेगळाच. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात राज्यभरातून येणारी कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा बराच भार हलका होतो. नवऱ्याची बुडालेली मजुरी आणि गावी आजीकडे ठेवलेली मुले मात्र योजनेच्या हिशेबात बसत नाहीत. मुलगी लग्नाची असेल तर आजार सोयऱ्यांपासून लपवला जातो, कारण ‘आईला कॅन्सर’ म्हटले की स्थळ मागे फिरते. प्रत्यक्षात फक्त पाच ते दहा टक्के स्तनकर्करोग आनुवंशिक जनुकदोषामुळे होतात. तसा दोष सापडलाच तर तो मुलींप्रमाणे मुलांकडेही जाऊ शकतो, हे बैठकीत कोणी काढत नाही.

हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार कर्करोग हे घटस्फोटाचे कारण नाही. आजारांपैकी पूर्वी यादीत असलेला कुष्ठरोगही २०१९ मध्ये वगळला गेला. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१५ मध्ये आलेल्या एका प्रकरणात स्तनकर्करोग झालेल्या पत्नीने ठरावीक रकमेच्या बदल्यात संमतीने घटस्फोट मान्य केला होता. उपचारांच्या पैशासाठी तिने ही संमती दिली असावी, असे मानून न्यायालयाने ती बरी होईपर्यंत घटस्फोट रोखला, पत्नीचा उपचार करणे हे पतीचे आधीपासूनचेच कर्तव्य असल्याचे सांगितले आणि उपचारांसाठी रक्कम देण्याचा आदेश दिला. खर्च नाकारणे किंवा स्त्रीधन अडवून धरणे हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार आर्थिक छळ ठरतो, आणि त्याखाली राहत्या घरातील निवाऱ्यासह वैद्यकीय खर्चही मागता येतो.