मनगट बांधलेलं, कोपर मोकळं

आम्ही कोपरहून बोलतोय. डोंबिवली आणि दिव्याच्या मधलं आमचं स्टेशन, खालून कल्याणच्या लोकल जातात आणि वरून वसई-दिव्याची गाडी. आज बोलणार आहोत तलवारीबद्दल. बचत गटाच्या बायकांना तलवार कशाला हवी, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण आधी सांगतो.

सुट्टीत आमच्या गटातल्या एकीच्या घरी मुलं फासे टाकून एक खेळ खेळत होती. त्यात प्रत्येकाने कागदावर एक योद्धा लिहायचा. त्याला बळ किती, चपळाई किती, बुद्धी किती, याचे आकडे द्यायचे, आणि लढाई आली की वीस बाजूंचा फासा टाकून त्यात तो आकडा मिळवायचा. घरातल्या मुलीने तलवारवाली राणी लिहिली. भाऊ म्हणाला, ‘‘तू मुलगी, तुझं बळ कमी धर. तलवारीला बळ लागतं. तू धनुष्य घे, त्याला चपळाई चालते.’’ पोरगी रुसली आणि तडक आमच्याकडे आली. मावशी, हे खरं आहे का?

आम्हाला उत्तर येत नव्हतं, म्हणून शोधायला बसलो.

तो नियम भावाने मनचा काढलेला नव्हता. या जातीचा गाजलेला पहिला खेळ, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत काढला. पुढे त्याचे नियम पक्के होत गेले, त्यात तलवारीच्या घावाला बळ आणि बाणाला चपळाई अशी वाटणी झाली. हलक्या तलवारीला चपळाई चालेल ही सवलत नंतरची.

आता खरी गोष्ट पाहा. १५४५ साली इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ नावाचं लढाऊ जहाज बुडालं. शेकडो वर्षांनी ते वर काढलं तेव्हा त्यात धनुष्यं सापडली. ती पुरती ओढायला साधारण ४५ ते ८० किलो वजन उचलण्याइतका जोर लागायचा. आणि तलवार? लढाईतली बहुतेक तलवार किलोभराच्या आसपास, फार तर त्याहून थोडी जास्त. पाण्याची भरलेली कळशी तिच्या कितीतरी पट जड. मण-मण वजनाच्या तलवारींच्या कथा आपण ऐकतो, पण तेवढं लोखंड घेऊन घोड्यावर दिवसभर लढणार कोण? म्हणजे खेळातली वाटणी जवळजवळ उलटीच निघाली.

तरी तलवारीला बळ लागतच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. किलोभर वजन हात लांब करून धरून पाहा, दोन मिनिटांत खांदा बोलायला लागतो. दम लागतोच. पण घाव कशाने बसतो, तो प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे.

विळीवर मासळी नुसती दाबली तर तिचा चेंदा होतो. ओढली की तुकडा पडतो. वाकड्या पात्याच्या तलवारीचं तेच. आपल्याकडच्या तलवारीची मूठ आखूड असते आणि तिच्या टोकाला एक गोल चकती असते. ती मनगटाला फार वळू देत नाही. त्यामुळे घाव लाकूड फोडल्यासारखा आपटायचा नसतो, कोपर आणि खांद्यातून हात ओढून घ्यायचा असतो.

यावर एका इंग्रजाने लिहून ठेवलंय. कॅप्टन नोलन हा घोडदळाचा अधिकारी. १८५३ साली त्याचं घोडदळावरचं पुस्तक निघालं. निजामाच्या मुलखातल्या एका चकमकीत देशी घोडेस्वारांनी एकेका घावात हातपाय आणि मुंडकी उडवल्याचं कळून तो चकित झाला. त्याला वाटलं, यांच्याकडे काही खास तलवारी असणार. पाहिलं तर पाती इंग्रज सैन्याने टाकून दिलेली जुनीच! देशी स्वारांनी त्यांना आपल्या मुठी बसवल्या होत्या, वस्तऱ्यासारखी धार लावली होती आणि ती लाकडी म्यानात ठेवली होती. इंग्रजांची म्यानं लोखंडाची, त्यात पातं घासून बोथट व्हायचं. घाव घालायला कसं शिकवता, असं त्याने विचारलं, तर खास काही शिकवत नाही, धार असली की कोणाच्याही हातात तलवार कापते, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. बळ की चपळाई यावर आम्ही आठवडाभर वाद घातला होता, आणि हे उत्तर देणाऱ्याने दोन्हींचं नावसुद्धा घेतलं नाही.

दांडपट्टा त्याहून वेगळा. २०२४ मध्ये तो महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. त्यात हात कोपराजवळपर्यंत लोखंडी खोळीत जातो, आतल्या आडव्या दांडीला मूठ धरायची, आणि पुढे लांब, लवचिक, दुधारी पातं. मनगट अगदी बांधलं जातं. मग सगळं काम कोपर, खांदा, कंबर आणि पाय यांचं. (आमच्या गावाचं नाव इथे आलं म्हणून आम्हाला उगाच आनंद झाला.) पट्टा थांबवून चालत नाही, तो फिरता ठेवायचा आणि त्याच्याबरोबर आपणही फिरायचं. उभं राहण्याच्या, पाऊल टाकण्याच्या रीतीला पवित्रा म्हणतात. कोणी ‘पवित्रा बदलला’ असं आपण सहज म्हणतो, तो शब्द या पावलांचा.

कल्याण १६५७ मध्ये शिवाजी महाराजांकडे आलं, आणि दोनच वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ ला, प्रतापगडाखाली अफझलखानाची भेट झाली. खान धिप्पाड, महाराज एकोणतिशीतले. ही बळावर चपळाईची मात म्हणून सांगतात. आम्हाला त्यात तयारी जास्त दिसते. अंगरख्याखाली चिलखत होतं, जागा आपली निवडलेली होती, रानात माणसं होती. आणि सय्यद बंडा पट्टा घेऊन धावला तेव्हा मध्ये पडायला जिवा महाला होता.

पुढे १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. सरकारच्या परवान्याशिवाय हत्यार ठेवता येईना. विद्या तालमीत टिकली. तलवारीच्या जागी कातड्याने मढवलेला गदगा, हातात लहानशी फरी म्हणजे ढाल, शिवाय लाठी. कोल्हापुरात याला मर्दानी खेळ म्हणतात. नाव मर्दानी, पण आज तिथे मुलीही पट्टा फिरवतात, जमिनीवर ठेवलेलं लिंबू कापतात. त्याच कोल्हापूरची गादी उभी करणाऱ्या ताराबाईंनी १७०० पासून औरंगजेबाच्या मरणापर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, मराठ्यांची लढाई चालवली. केरळात वडकरा इथे मीनाक्षी अम्मा साडी नेसून तलवार-ढाल शिकवतात. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती.

एवढं सगळं आम्ही पोरीला सांगितलं. ती ऐकत होती, मध्येच उठून कागद घेऊन आली. बळ आणि चपळाई यांच्या खाली तिने तिसरा रकाना आखला आणि त्यात ‘धार’ लिहिलं. आता त्याला आकडा किती द्यायचा, यावर भावाबहिणीचं अजून भांडण चालू आहे.