खिळा, कळ आणि कंठ

मराठी अक्षरांचा यंत्राशी सहवास कोठे सुरू झाला, असा प्रश्न केला, तर पुण्यामुंबईकडील मनुष्य बहुधा गणपत कृष्णाजींच्या छापखान्याचे नाव घेईल. आम्हां कलकत्तेकर मराठी माणसांना मात्र हुगळीच्या पलीकडे बोट दाखविता येते. श्रीरामपूर हे त्या काळी डॅनिश अंमलाखालील गाव. तेथील मिशनच्या छापखान्यातून १८०५ साली विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण बाहेर पडले, आणि त्याच वर्षी मॅथ्यूचे शुभवर्तमानही मराठीत निघाले. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवीत असे, व त्याच्या साहाय्याला वैजनाथ पंडित होते. खिळे पाडणारे हात मात्र बंगाली होते. १७७८ साली हालहेडच्या बंगाली व्याकरणासाठी चार्लस विल्किन्सबरोबर ज्याने खिळे कोरले, तो पंचानन कर्मकार पुढे श्रीरामपुरास आला. त्याच्यामागे त्याचा जावई मनोहर याने ते काम चालविले. मराठीचा एक शब्दही ज्यांच्या घरी बोलला जात नव्हता, अशा कारागिरांनी मराठीला शिशाचा देह दिला, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात एका ओळीत उरकली जाते. तिला याहून अधिक जागा मिळावयास हवी, असे मला वाटते.

कॅरीने व्याकरण बालबोधीत छापले. परंतु १८१० साली कोश काढला तो मोडीत. कारण उघड होते. मराठी माणसाचा रोजचा व्यवहार, हिशेब, पत्रे, सारे मोडीत चाले. जो कोश घेऊन साहेबाने कचेरीत बसावयाचे, तो कचेरीच्या लिपीतच हवा. येथे यंत्र माणसाच्या सवयीपुढे वाकले. पण मोडी ही लेखणी न उचलता लिहावयाची लिपी, आणि खिळा हा तर सुटा तुकडा! वाहत्या पाण्याच्या विटा पाडाव्यात तसाच तो प्रकार झाला. पुढे छापखान्याने बालबोध उचलली, आणि मोडी दप्तरांत राहिली. कोणती लिपी श्रेष्ठ, याचा निकाल विद्वत्सभेत लागला नाही. शिशाला कोणती सोसते, यानेच तो बराचसा लागला.

माणूस आणि यंत्र यांच्यामधील ह्या देवघेवीला आज संगणकशास्त्रात मोठे नाव आहे, आणि त्यावर मोठमोठ्या संस्थांतून संशोधन चालते. प्रश्न मात्र श्रीरामपूरचाच आहे: दोघांपैकी वाकावयाचे कोणी?

कितीतरी काळ माणूसच वाकत आला. गोव्यात १६१६ साली फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, ते रोमन अक्षरांत. रचना अस्सल मराठी, ओवी मराठी. पण नागरीचे खिळे हाताशी नव्हते. चारशे वर्षांनी कलकत्त्यातील मराठी घरांत नेमके तेच चालू आहे. दादरला राहणाऱ्या आजीला नातू भ्रमणध्वनीवरून जे मराठी लिहितो, ते रोमन अक्षरांत. स्टीफन्सला जी अडचण होती ती त्याला नाही. नागरी कळफलक त्याच्या खिशातच आहे. त्याला नागरी येत नाही, इतकेच.

विसाव्या शतकात टंकलेखनयंत्र व लायनोटाइप आले, तेव्हा तर लिपीलाच दोषी ठरविण्याची लाट उसळली. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारिली. इकडे कलकत्त्यास सुरेशचंद्र मजुमदारांनी राजशेखर बसूंच्या साहाय्याने बंगाली अक्षरांची संख्या छाटून १९३५ साली ‘आनंदबाजार पत्रिका’ लायनोटाइपवर आणली. १९५३ साली लखनौच्या लिपिसुधार परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटीची जागाच बदलण्याचे ठरविले. उच्चार व्यंजनानंतरचा, आणि खूण मात्र व्यंजनाच्या आधी! हे यंत्राला गैरसोयीचे, म्हणून ती वेलांटी उजवीकडे न्यावी, असा तो निर्णय होता. लोकांनी तो मानला नाही आणि काही वर्षांतच तो मागे घ्यावा लागला. पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. आज आपण ‘क’ची कळ दाबतो, मग वेलांटीची, आणि यंत्र मुकाट्याने ती वेलांटी उचलून डावीकडे नेऊन ठेवते. परिषदेत जे माणसाला करावयास सांगितले होते, ते यंत्राने स्वतःच्या अंगावर घेतले. थोडा धीर धरला असता तर तो सगळा वाद वाचला असता!

हे शक्य झाले, कारण अक्षर कसे दिसते यापेक्षा ते कसे उच्चारले जाते याला आधार मानून संकेत ठरविले गेले. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक कळफलक सिद्ध केला. १९९१ साली संकेतावलीसह त्याला भारतीय मानकाचे रूप मिळाले. त्याची रचना मला फार आवडते. ज्या कळेवर मराठी ‘क’ आहे, त्याच कळेवर बंगाली ‘क’ही आहे. शेजारच्या टेबलावरील बंगाली सहकारी आणि मी एकाच बोटाने एकच ध्वनी दाबतो आणि दोन भिन्न आकृत्या पाहतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलवे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ एकच आमंत्रण धाडून चालत नाही. तो अर्धा ‘ऱ’ काय किंवा ‘ॲ’ काय, आपल्या गरजा सामाईक व्यवस्थेत वेगळ्या नोंदवाव्या लागतात. ‘ॲ’ला जागतिक संकेतावलीत स्वतंत्र स्थान मिळावयास २००८ साल उजाडले, मोडीला ते २०१४ साली मिळाले.

आता कलकत्त्याकडे पुन्हा वळू. प्रशांतचंद्र महालनबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, बराहनगरला, १९५५ साली इंग्लंडहून एक अंकीय संगणक आला आणि पुढील वर्षी तो चालू झाला. भारतातील तो पहिला. १९५९मध्ये रशियाचा ‘उराल’ आला, आणि १९६६मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने तेथेच एक यंत्र बांधण्यात आले. ह्या यंत्रांना भाषा नव्हती. होती ती आकड्यांची. परंतु त्याच संस्थेत थोड्याच वर्षांत यंत्राला कान देण्याचे प्रयत्न सुरू झाले. शंकर पाल आणि द्विजेश दत्त मजुमदार यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या कामात स्वरांच्या ओळखीचा विचार आहे. गंमत अशी की बंगालच्या राजधानीत ज्या भाषेचे स्वर यंत्राला शिकविले गेले ती तेलुगू होती. तिशीपस्तिशीच्या तीन पुरुषांनी उच्चारलेले ते ८७१ स्वर पुढे कित्येक वर्षे जगभरच्या अभ्यासकांच्या हाती फिरत राहिले.

मग डोळ्यांची पाळी आली. विद्युतबरन चौधुरी आणि उमापद पाल यांनी १९९७ साली बंगाली व देवनागरी ह्या दोन्ही लिप्यांतील छापील मजकूर वाचणारी एकच व्यवस्था मांडली. युक्ती साधी आहे, म्हणूनच सुंदर आहे. ओळीतील ज्या पट्टीत काळे ठिपके सर्वांत दाट, ती शिरोरेघ. ती पुसली की एकमेकांस बिलगलेली अक्षरे सुटी होतात. वर राहतात वेलांट्या-मात्रा, खाली उकार. दोन लिप्यांचे हे नाते आपण सहज बोलून जातो. येथे त्याचा प्रत्यक्ष उपयोग झाला.

याहून मनोरंजक आहे ती आकड्यांची कथा. पत्रावरचा पिनकोड यंत्राने वाचावा, हे साधे काम. पण आपला माणूस बंगाली, इंग्रजी आणि नागरी आकडे एकाच संख्येतसुद्धा मिसळतो, आणि बंगाली चार हा दिसावयास हुबेहूब इंग्रजी आठ, तर बंगाली सात हा इंग्रजी नऊ! तेव्हा लिपी आधी ओळखावी आणि मग आकडा वाचावा, हा सरळ क्रम येथे कोसळतो. उज्ज्वल भट्टाचार्य व चौधुरी यांनी २००९ साली अशाच मिश्र आकड्यांवरील काम प्रसिद्ध केले. त्यासाठी हस्ताक्षरांचे हजारो नमुने जमविले होते. एक मनुष्य, एक भाषा, एक लिपी हे गृहीत धरणारे शास्त्र ह्या देशात टपालाच्या पहिल्याच पाकिटावर अडखळते. ज्याने कचेरीत आवक-जावक नोंदविली आहे, त्याला हे वेगळे सांगावयास नको.

कंठाची कथा अजून चालू आहे. १९८०मध्ये अमेरिकेत रिचर्ड बोल्ट याने एक प्रयोग दाखविला. मोठ्या पडद्यासमोर बसून मनुष्य बोटाने खूण करी आणि ‘ते तिथे ठेव’ असे म्हणे. यंत्र ‘ते’ आणि ‘तिथे’ यांचा अर्थ बोटावरून लावी. वाणी आणि हात एकमेकांना पुरे करतात, हे ज्ञान आपल्या कोणत्याही गृहिणीला आहे. यंत्राला ते तेव्हा मिळू लागले. हाच प्रयोग मराठीत करावयाचा तर ‘तो’, ‘ती’ की ‘ते’, यावरूनच अर्धी निवड होऊन जाते. बंगालीत तसा लिंगभेद नाही. कलकत्त्यात वाढलेले मराठी मूल दोन्ही भाषा बोलते, आणि ‘ती खुर्ची’ला ‘तो खुर्ची’ म्हणून जाते. आई समजून घेते. यंत्राने मात्र व्याकरणावर भिस्त ठेवली तर ते बोटाचे न ऐकता शब्दाचे ऐकेल आणि चुकेल.

तोच पेच यंत्राने वाचून दाखवावयाच्या वेळी. ‘जरा थांबा’ आणि ‘जरामरण’ यांतील ‘ज’ कागदावर एक, कानाला दोन. शाळेत मराठी न शिकलेल्या मुलाने हा फरक घरच्या बोलण्यातून उचललेला असतो. उद्या ते मूल घरच्यापेक्षा यंत्राचे मराठी अधिक ऐकेल, तेव्हा यंत्राने दोन्ही ‘ज’ एकच केले तर तेच त्याचे मराठी होईल. २०२२ साली केंद्र सरकारने ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केल्यापासून भारतीय भाषांतील वाणी जमविण्याचे काम वेगाने चालले आहे. त्यात पुण्यानागपूरचा आवाज येईल याची मला चिंता नाही. बडोदे, इंदूर, तंजावर आणि आमचे कलकत्ता येथील मिसळलेले मराठी त्यात किती येईल, हा प्रश्न आहे. ते अशुद्ध म्हणून गाळले गेले, तर यंत्र आम्हांला एक तर मराठी समजणार नाही, नाहीतर बंगाली.

आणखी एक गोष्ट अवघड आहे. बोलून सारे काम होऊ लागले, तर ज्या नातवाला नागरी येत नाही त्याला ती शिकण्याचे उरलेसुरले निमित्तही संपेल. आजी ऐकेल, नातू बोलेल, आणि दोघांमध्ये कागद राहणार नाही. यंत्राने लिपीची अडचण दूर केली, की लिपीच दूर केली? माझ्या परिचयाच्या काही घरांत उत्तर दुसऱ्या बाजूला झुकू लागले आहे. तरीही ध्वनीबरोबर पडद्यावर अक्षर उमटत राहिले, नातू बोलत असता त्याचेच शब्द नागरीत त्याच्यासमोर येत गेले, तर ऐकता ऐकता डोळ्यालाही सवय लागेल. कान आणि डोळा यांना एकत्र ठेवणारी अशी यंत्रे करणे आज अशक्य नाही.

मोडीला तर ह्याच जोडीची गरज आहे. बालबोध वाचताना जी युक्ती चालली, ती मोडीपुढे थांबते. कारण मोडीत शिरोरेघ आधीच पानभर ओढलेली असते. ती शब्दाशब्दाला तुटत नाही, आणि पुसली तरी अक्षरे एकमेकांत गुंतलेलीच राहतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही तेथे पाळलेला नसतो. जाणता वाचक ओळ पाहून शब्द तोडत नाही. तो ती मोठ्याने म्हणतो, आणि अर्थ लागला की शब्द आपोआप सुटे होतात. म्हणून मोडी जाणणाऱ्याने कागदावर बोट फिरवीत वाचावे, आणि यंत्राने ते बोट पाहत ते वाचन ऐकावे, ह्या मार्गाने नमुने जमविणे मला सर्वांत फलदायी वाटते. शाळेत मोडी शिकलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. वर्गांतून नव्याने शिकणारे तरुण आहेत, आणि त्यांचे कौतुकच करावे. पण लहानपणी वडिलांच्या हिशेबाच्या वह्या ज्यांनी वाचल्या त्यांचे वाचन निराळे. कलकत्त्यात असे कोणी असतील, तर ध्वनिमुद्रणाचे साधन आता प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि जुने कागद काढून बसण्यास रविवारची एक सकाळ पुरते.