एका माणसाला किती पुरतं?

जानेवारी 1877. दख्खनेत दुष्काळ आणि हजारो माणसं सरकारी कामांवर राबतायत. व्हाइसरॉय लिटनने पाठवलेला सर रिचर्ड टेंपल मजुरीचा नवा दर ठरवतो: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. तेही दिवसभर खडी फोडून.

याच टेंपलने तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक जगवले होते. तेव्हा त्याच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. त्याने त्यातून काय घेतलं, ते या एका पौंडात दिसतं.

मुंबई इलाख्यात मजुरांनी सरळ कामं सोडली. पोटात अन्न नसलेल्या माणसांचा संप! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. तुरुंगातल्या कैद्याला याहून जास्त मिळतं, हा मुद्दा पुढे आला. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनीही एवढ्या अन्नावर कष्ट करणारं शरीर टिकत नाही असं मांडलं. त्याच वर्षी जोतीराव फुले धनकवडीला दुष्काळातल्या मुलांना जेवू घालत होते.

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसं कामांवर होती. घरोघरी आजही दोन आठवणी निघतात, अमेरिकेहून आलेला लाल मिलो आणि सुकडी. मिलोला नावं ठेवत ठेवत लोकांनी तो खाल्ला.

या सगळ्या हिशोबांत साबण कुठेच नाही. 1997 साली जगभरच्या मदतसंस्थांनी 'स्फिअर' नावाने किमान निकष ठरवायला घेतले, त्यात तो आला: माणशी महिन्याला 250 ग्रॅम अंगाचा, 200 ग्रॅम कपड्यांचा. पाळीचं सामानही त्यात आहे.

जुलै 2021 मध्ये महाड बुडालं, तेव्हा पनवेलच्या आमच्या सोसायटीतून किट जाणार होती. एक्सेल शीट अर्थात माझ्याकडे (बिल्डिंगमधला कोडिंगवाला पोरगा!). पहिली यादी तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, बिस्किटं एवढीच. तळमजल्यावरच्या काकूंनी ती वाचली आणि विचारलं, "घरात कमरेएवढा चिखल, कपाट वाहून गेलेलं. त्या बाईने पाळीला काय वापरायचं?"

ग्रुपवर अर्धा तास शांतता. मग एका काकांनी हिशोब टाकला: पॅड, साबण, आतले कपडे घातले तर त्याच पैशांत किट बरीच कमी होतील, म्हणजे काही घरं सुटतील. हिशोब बरोबर होता. शीटमध्ये मीच तपासला. काकूंचं म्हणणं, "मग कमी घरांना द्या, पण धड द्या." काका म्हणाले, "आणि उरलेल्यांनी काय करायचं?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं, माझ्याकडे तर नाहीच.

शेवटी बिस्किटं काढली, तेल एक लिटरवरून अर्ध्यावर आणलं. दोन साबण आणि पॅडचं एक पाकीट घातलं. तरीही किट कमी पडलीच. काकांनी त्याच रात्री आणखी पैसे पाठवले, ग्रुपवर काही न लिहिता.