ऐकणाऱ्यांची मोजदाद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवर बोलणाऱ्या माणसाची एक जन्मजात अडचण असते. कीर्तनकाराला समोरची माणसं दिसतात. कोण डुलतंय, कोण पेंगतंय, कोण हळूच उठून चपला शोधतंय हे त्याला कळतं आणि त्याप्रमाणे तो आख्यान रंगवतो किंवा आवरतं घेतो. इथे माझ्यासमोर एक मायक्रोफोन आहे आणि काचेपलीकडे एक तंत्रज्ञ. तुम्ही किती जण आहात, ऐकता आहात की नुसताच रेडिओ चालू आहे, हे कळायला मला मार्ग नाही. या अडचणीतून एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. त्या शास्त्राच्या इतिहासात पुणे, नगर, नाशिक, सातारा आणि कोल्हापूरकडच्या खेड्यांचं एक मोठं पान आहे. आपल्याकडे ते फारसं कुणी उघडत नाही, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

सुरुवातीला साधन एकच होतं, श्रोत्यांची पत्रं. पण पत्र लिहिणारा एक तर फार खूश झालेला असतो, नाही तर फार चिडलेला. बाकीचा समाज गप्प असतो. अमेरिकेत रेडिओ जाहिरातींवर चालायचा. साबण विकणारी कंपनी पैसे मोजणार, तर ते किती कानांसाठी हे तिला हवंच होतं. १९३० मध्ये आर्चिबाल्ड क्रॉस्ली यांनी लोकांना टेलिफोन करून त्यांनी आदल्या दिवशी काय ऐकलं, हे विचारायला सुरुवात केली. पण कालचं आठवून कोण किती खरं सांगणार? म्हणून पुढे हूपर यांनी वेगळा प्रश्न काढला: या क्षणी तुमच्याकडे काय लागलं आहे? दोन्ही पद्धतींत एक खोट होती. ज्याच्या घरी टेलिफोन, त्यालाच मत. मग १९४२ पासून आर्थर नील्सन यांच्या कंपनीने रेडिओला जोडायच्या 'ऑडिमीटर' या यंत्रावरून आकडे द्यायला सुरुवात केली. यंत्राला विसर पडत नाही आणि भीडही पडत नाही. पण त्याला एवढंच कळतं की सेट चालू आहे आणि काटा अमुक स्टेशनवर आहे. समोर माणूस बसलाय की मांजर, हे त्याला कळत नाही.

दुसरी एक वाट युरोपातून, व्हिएन्नाहून निघाली. पॉल लाझार्सफेल्ड हे मूळचे गणिताचे. १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ऑस्ट्रियाच्या नभोवाणीसाठी एक लाखाहून अधिक श्रोत्यांची आवडनिवड गोळा केली. कामगाराला काय हवं, दुकानदाराला काय हवं, बायकांना काय हवं, अशी वेगवेगळी. पुढे ते अमेरिकेत गेले आणि तिथल्या रेडिओ संशोधनाचे सूत्रधार झाले. फ्रँक स्टँटन यांच्याबरोबर त्यांनी एक गमतीदार उपकरण तयार केलं. श्रोत्यांना खोलीत बसवायचं, प्रत्येकाच्या हातात दोन बटणं द्यायची. आवडलं की हिरवं दाबायचं, नावडलं की लाल. काहीच वाटलं नाही तर हात स्वस्थ. कार्यक्रम संपला की कुठल्या वाक्याला माणसं कंटाळली याचा आलेख तयार. त्यानंतर त्यांना विचारायचं, 'इथे लाल का दाबलंत?' मला यातला हा 'का' महत्त्वाचा वाटतो. आज ज्याला 'फोकस ग्रुप' म्हणतात, त्याची मुळं या विचारण्यात आहेत.

याच लाझार्सफेल्ड यांच्या हाताखाली तयार झालेले, व्हिएन्नाचेच एक गृहस्थ म्हणजे पॉल नॉयरॅथ. नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर १९३८ मध्ये ते पकडले गेले. डाखाउ आणि बुखेनवाल्ड या दोन छळछावण्यांतून ते जिवंत बाहेर पडले, स्वीडनमार्गे अमेरिकेत पोचले आणि समाजशास्त्रज्ञ झाले. १९५०च्या दशकाच्या मध्याला हे गृहस्थ मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पाहुणे प्राध्यापक होते. व्हिएन्नात रुजलेली ही विद्या आपल्या चावडीपर्यंत आली ती अशी.

आकाशवाणीला त्या वेळी एक प्रश्न पडला होता. गावोगाव सामुदायिक रेडिओसंच बसवले जात होते. ग्रामीण कार्यक्रम तर रोज लागत होते. पण त्याचा उपयोग होतो का? एका संचाभोवती पाच माणसं जमली काय आणि पन्नास जमली काय, परवान्यांच्या नोंदीत तो संच एकच. म्हणजे इथे संच मोजून भागणारं नव्हतं. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांचे 'फार्म रेडिओ फोरम' चालत असत. शेजारीपाजारी जमायचं, कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची. युनेस्कोच्या मदतीने तोच प्रयोग भारतात करायचं ठरलं आणि जागा निवडली ती तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांची: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. १९५३ मध्ये सुरू झालेलं पुणे केंद्र त्यासाठी हाताशी होतंच.

काळ फेब्रुवारी ते एप्रिल १९५६. आधीच्याच महिन्यात संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईत गोळीबार झाला होता. मराठी मुलूख धुमसत होता. अशा दिवसांत सुमारे १५० गावांत वीसेक माणसांची मंडळं आठवड्यातून दोनदा संध्याकाळी रेडिओपुढे बसू लागली. दहा आठवडे, वीस कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, साक्षरतेचे, गावकारभाराचे. अर्धा तास ऐकायचं आणि मग रेडिओ बंद करून आपसांत बोलायचं. मंडळाचा चिटणीस चर्चेचा वृत्तांत आणि शंका पुणे केंद्राला पाठवायचा आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं दिली जायची. आपला प्रश्न रेडिओवरून ऐकू आला, तेव्हा त्या मंडळींना काय वाटलं असेल, याची कल्पना करून पाहा.

आता खरी गंमत आहे ती तपासणीच्या रीतीत. नॉयरॅथ आणि टाटा संस्थेच्या मंडळींनी मंडळं असलेल्या गावांपैकी काही निवडली. त्यांच्या जोडीला मंडळ नसलेली गावंही घेतली आणि त्यातही दोन तऱ्हा केल्या: काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, काहींत रेडिओच नव्हता. कार्यक्रम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर माणसांना तेच प्रश्न विचारले. बैठकांना निरीक्षक पाठवले. कृषी महाविद्यालयात बियाण्याची चाचणी घेताना एका वाफ्याला खत घालतात, शेजारचा तसाच ठेवतात, ती ही पद्धत. फक्त वाफ्याऐवजी इथे गाव होतं.

निष्कर्ष असा निघाला. मंडळांच्या गावांत माहिती ठळकपणे वाढली. मंडळ नसलेल्या गावांत ती जवळजवळ तशीच राहिली, आणि तिथे रेडिओ असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही! हे वाचून मी पहिल्यांदा थबकलो होतो. त्या रेडिओवाल्या गावांत कार्यक्रम पोचत होता. नील्सनच्या यंत्राने ती गावं श्रोत्यांत धरली असती. पण लोकांच्या पदरात काही पडलं ते ऐकल्यावर बोलायला बसल्यामुळे.

अहवालात आणखीही पुष्कळ आहे. कुठे विहिरी खोदल्या गेल्या, कुठे जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, कुठे बालवाड्या सुरू झाल्या. काही गावांत ही मंडळं ग्रामपंचायतीपेक्षा भराभर निर्णय घेऊ लागली. सरकारी अहवालात असलं कौतुक नेहमीच असतं असं कुणी म्हणेल. पण इथे शेजारचा कोरा वाफाही मोजलेला होता, म्हणून माझा त्यावर विश्वास बसतो.

उणिवाही सांगायला हव्यात. मंडळं प्रामुख्याने पुरुषांची होती. आरोग्यावरचा कार्यक्रम लागे, पण ज्या बाईच्या हातात घरचं पाणी आणि आजारी पोर असे, ती त्या बैठकीत नसे. शिवाय दहा आठवड्यांनी विचारलेले प्रश्न दहा वर्षांनंतरचं सांगू शकत नाहीत. आणि परीक्षक येणार हे ठाऊक असलं की विद्यार्थी जरा जास्तच अभ्यास करतो.

आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक, हिंदी नाटककार जगदीशचंद्र माथुर आणि नॉयरॅथ यांचा अहवाल १९५९ मध्ये युनेस्कोने पॅरिसहून प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ही मंडळं देशभर सुरू करायचं ठरलं. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि चावडीवरचा रेडिओ ज्याच्या त्याच्या खांद्यावर गेला. लोक एकेकटे ऐकू लागले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा 'साइट' प्रयोग झाला, तेव्हा मात्र संशोधक पुन्हा गावांत राहायला गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.

त्यानंतर खासगी वाहिन्या आल्या आणि जाहिरातदाराचा जुना प्रश्न परत आला: किती जण? उत्तर द्यायला 'पीपल मीटर' आले. २००१ मध्ये मुंबईतल्या अशा घरांची गुप्त यादीच फुटली. मूठभर घरांवर कोट्यवधी रुपयांचे व्यवहार अवलंबून असले की त्या घरांचा पत्ता हीच सोन्याची खाण होते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, मीटर असलेल्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या लावून ठेवायला सांगितल्याचे आरोप झाले. वृत्तवाहिन्यांचे आठवड्याचे आकडे थांबवले गेले, ते २०२२ च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झाले.

अशा घरात माणसागणिक एक बटण दिलेलं असतं. टीव्हीपुढे बसलं की ते दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. लाल आणि हिरवं त्यात नाही.