लग्नात मिळालेली मुंबई राजाला परवडेना, मग वर्षाला १० पौंडांवर कंपनीला देऊन टाकली

स्वतःचं राष्ट्र चालवायचे गेम आता भरपूर झालेत. त्यातला जुनाजाणता म्हणजे नेशनस्टेट्स. मॅक्स बॅरी नावाच्या ऑस्ट्रेलियन लेखकानं २००२ मध्ये आपल्या कादंबरीच्या जाहिरातीसाठी तो सुरू केला, आणि कादंबरीपेक्षा गेमचीच चर्चा जास्त झाली. यात देशाचं नाव, झेंडा, चलन सगळं तुम्ही ठरवायचं. मग रोज एखादा प्रश्न समोर येतो, तुम्ही निर्णय घेता आणि त्यानुसार नागरी हक्क, अर्थव्यवस्था आणि राजकीय स्वातंत्र्य यांचे आकडे वरखाली होतात. पुढं खेळाडू आपापसात तह करतात, युद्धं लढतात, आणि हे सगळं लिहून खेळतात. यालाच रोलप्ले म्हणायचं.

या खेळात हमखास दिसणारा देश म्हणजे समुद्रापलीकडे वसाहती असलेलं राजघराणं. राजाचा मुकुट, दरबार, आरमार, सगळं झोकात असतं. पण ती लांबची वसाहत नेमकी चालते कशी, हे विचारलं की बऱ्याच जणांची गाडी अडते.

याचं उत्तर हार्बर लाईनवर आहे. शिवडीला उतरायचं, पूर्वेला बंदराच्या बाजूला जायचं. तिथं टेकाडावर इंग्रजांचा एक छोटा किल्ला उभा आहे.

तर झालं असं होतं की, २३ जून १६६१ ला इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या लग्नाचा करार झाला. त्याच्या अकराव्या कलमात पोर्तुगालनं मुंबईचं बंदर आणि बेट इंग्लंडच्या राजाला आंदण दिलं. पण आपल्याला काय मिळालंय हे लंडनमध्ये कुणाला धड माहीत नव्हतं. राजाचा मुख्य सल्लागार क्लॅरेंडन याची समजूत होती की मुंबई ब्राझीलच्या जवळपास कुठंतरी आहे.

गेममध्ये करारावर सही झाली की नकाशाचा रंग बदलतो. इथं तसं झालं नाही.

१६६२ मध्ये इंग्रजांचं आरमार मुंबईच्या बंदरात आलं. सर अब्राहम शिपमन हा राजानं नेमलेला गव्हर्नर, सोबत चारेकशे सैनिक. पण गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय अँटोनियो द मेलो इ कास्त्रो बेट सोडायला तयार होईना. कागदपत्रांत खोट काढली, कराराचा अर्थ वेगळा लावला, चालढकल केली. स्वतःच्या राजाचा हुकूम होता, तरीही. शिपमनचे सैनिक मग कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसले आणि तिथं तापानं, हगवणीनं पटापट मेले. १६६४ मध्ये खुद्द शिपमनही तिथंच गेला. शेवटी १८ फेब्रुवारी १६६५ ला त्याचा सेक्रेटरी हंफ्री कुक यानं मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा चारशेपैकी शंभरएक माणसं उरली होती.

रोलप्ले लिहिणाऱ्यांनी हा व्हाइसरॉय लक्षात ठेवावा. दूरच्या वसाहतीत राजाचा हुकूम पोचायला वर्ष लागतं आणि पोचल्यावर तो पाळायचा की नाही, हे तिथला माणूस ठरवतो. वर त्यानं आपल्या राजाला लिहून कळवलं की ज्या दिवशी इंग्रज मुंबईत बसतील, त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून जाईल. माणूस अडेलतट्टू होता, पण अंदाज चुकला म्हणता येणार नाही.

आता राजाकडे मुंबई आली खरी, पण तिचं करायचं काय? गव्हर्नर पोसायचा, फौज पोसायची, तटबंदी दुरुस्त करायची, आणि उत्पन्न म्हणजे नारळ, भात, मीठ, मासळी आणि थोडीफार जकात. तीन वर्षांत राजा कंटाळला. २७ मार्च १६६८ च्या सनदेनं त्यानं मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली. भाडं वर्षाला १० पौंड, सोन्यात, दर ३० सप्टेंबरला. शिवाय कंपनीनं राजाला ५० हजार पौंड कर्ज दिलं, सहा टक्के व्याजानं. खरी मेख ती होती. १० पौंड हे मालकी आपलीच आहे, एवढं दाखवण्यापुरते.

म्हणजे मालक राजा आणि कारभार हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांचा. या जोडीतून काय निघतं ते पुढं बघा.

सुरुवातीला बरं चाललं. जेराल्ड आँजियर हा गव्हर्नर डोकेबाज होता. त्याच्या लक्षात आलं की बेटावर माणसं आली आणि टिकली तरच पैसा येईल. कोणती जमीन कुणाची, यावरून पोर्तुगीज काळापासूनच्या जमीनदारांशी वाद होते. १६७२ मध्ये त्यानं त्यांच्याशी करार केला. त्यांनी वर्षाला २० हजार झेराफिन द्यायचे, कंपनीनं त्यांच्या जमिनीला हात लावायचा नाही. त्याच वर्षी न्यायालय सुरू झालं. व्यापाऱ्यांना आपापला धर्म पाळायची हमी मिळाली. १६७४ ला शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झेंडन रायगडावर नजराणा घेऊन गेला, तोही याच आँजियरच्या काळात.

बरं, या सगळ्या कागदांत कोळी, भंडारी, आगरी, कुणबी कुठं आहेत? लग्नाच्या करारात ते नाहीत, १६६८ च्या सनदेत ते बेटासोबत आलेले ‘रहिवासी’ म्हणून आहेत. गेममध्येही बहुतेकांच्या वसाहतीत अशीच नुसती लोकसंख्या असते. पण मासळी, मीठ, भात याच लोकांच्या कष्टाचं होतं आणि पहारेकरीही त्यांच्यातूनच भरती व्हायचे.

शेजाऱ्यांचं काय? समोर साष्टी पोर्तुगीजांकडे. दक्षिणेला जंजिऱ्याचा सिद्दी, त्याच्या पाठीशी मुघल. तो पावसाळ्यात आपलं आरमार माझगावला आणून लावायचा. कंपनीला नाही म्हणता येईना, कारण तिची सुरतेची वखार मुघल मुलखात होती. आणि हो म्हटलं की मराठे भडकायचे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रज तो रोखायला गेले. मायनाक भंडारी आणि दौलतखानानं काही त्यांना जुमानलं नाही.

शिवडीचा किल्ला या धास्तीतला. १६८० मध्ये तो तयार झाला. पन्नासेक शिपाई, त्यांच्यावर एक सुभेदार, आठ-दहा तोफा. काम एकच, पूर्वेच्या खाडीवर नजर ठेवणं.

आणि नेमक्या याच काळात लंडनच्या संचालकांनी खर्चाला कात्री लावली. फौज कमी, पगार कमी. सैनिक आतून धुमसत होते. २७ डिसेंबर १६८३ ला कॅप्टन रिचर्ड केग्विननं डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्डला अटक केली आणि जाहीर केलं की मुंबईवर आता कंपनीचं नाही, थेट राजाचं राज्य आहे. हा तोच केग्विन, जो खांदेरीला मराठ्यांशी लढला होता.

सात समुद्रापलीकडच्या राजाच्या नावानं, राजाला न विचारता, एका कॅप्टननं जवळजवळ अकरा महिने मुंबई चालवली. रोलप्ले म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? आणि बरी चालवली. सिद्दीच्या आरमाराला त्यानं माझगावात थारा दिला नाही. संभाजी महाराजांकडे वकील पाठवून १६८४ मध्ये तह केला. माझ्या मुलखातली माणसं गुलाम करायला किंवा बाटवायला विकत घ्यायची नाहीत, ही अट महाराजांनी त्या तहात घातली. दोन राजांच्या आणि एका कंपनीच्या कागदांत जी माणसं कुणाला दिसली नव्हती, तशा माणसांसाठी एक कलम आलं ते असं, बंडखोराबरोबरच्या तहात.

इकडे राजानं काय केलं? ज्याच्या नावानं बंड झालं, त्या दुसऱ्या चार्ल्सनं बेट कंपनीला परत करण्याचा हुकूम दिला. कर्ज देणारी कंपनी होती, केग्विन नव्हता. नोव्हेंबर १६८४ मध्ये माफीच्या अटीवर त्यानं सर थॉमस ग्रँथमच्या हाती मुंबई सोपवली.

कंपनी परत आली ती जास्तच चढेल होऊन. जॉन चाइल्डनं मुघलांची जहाजं धरायला सुरुवात केली, सैन्याला जाणारं धान्यही सोडलं नाही. औरंगजेबानं सिद्दी याकूत खानाला पाठवलं. १६८९ मध्ये त्याचं सैन्य रात्रीच्या वेळी उतरलं ते शिवडीला. पन्नास शिपायांचा किल्ला कितीसा टिकणार! मग माझगाव गेलं, माहीम लुटलं गेलं. इंग्रज आपल्या मुख्य किल्ल्यात कोंडले गेले आणि बेटावरची गावं वर्षभराहून जास्त काळ हालात राहिली. शेवटी औरंगजेबाची माफी मागून, दीड लाख रुपये दंड भरून कंपनीनं सुटका करून घेतली. चाइल्ड त्याआधीच, १६९० च्या फेब्रुवारीत मुंबईत मेला होता. जूनमध्ये सिद्दी गेला, जाताना माझगावचा किल्ला जाळून गेला.

शिवडीचा किल्ला मात्र राहिला. पुढं त्याचा तुरुंग झाला, मग पोर्ट ट्रस्टचं गोदाम. जायचं असेल तर थंडीत भरती-ओहोटीची वेळ बघून जा, म्हणजे खालच्या चिखलात फ्लेमिंगोही दिसतील. तटावरून समोर आता अटल सेतू न्हावा शेवाकडे गेलेला दिसतो. सुभेदाराचे शिपाई ज्या खाडीवर डोळे लावून बसायचे, ती हीच.